कारण : रिक्षा बंद पडली

“नवी घेतलेली रिक्षा जर धक्का मारल्याशिवाय चालतच नसेल, तर ती विकणाऱ्याच्या दारात लोटत नेऊन परत देता येते का?”

वृषालीने प्रश्न विचारला आणि शाळेचा अख्खा हॉल खदखदून हसला. मागच्या रांगेतल्या पोरांनी बाकावर ठेका धरला, “मारो धक्का, मारो धक्का.” इतिहासाच्या सरांनी मान वळवून डोळे वटारले. गायत्री आणि विशाखा एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या, कारण प्रश्न मुळात त्यांचाच होता. ग्राहक दिनाचा कार्यक्रम, शेवटी ‘कुणाला काही शंका?’ असं विचारतील तेव्हा उठून हे बोलायचं, आणि बोललीस तर शाळेबाहेरच्या गाडीवर लोचोची प्लेट, वर बटर, शेव दाबून. पैज गायत्रीने लावली होती.

सहा महिन्यांपूर्वीची वृषाली असती तर बाकाखाली लपली असती. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशातून वर यायला कुरकुर करायचा. पण गणपतीतल्या वक्तृत्वात ती पहिली आली आणि जणू नवा कोरा आवाजच तिच्या हाती लागला. आता कुणी नुसतं ‘तुझ्यात दम आहे का’ म्हणायचा अवकाश, ही उभीच. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या मराठी शाळेत दहावी ‘ब’ची वृषाली म्हणजे कशालाही उठणारी, असं नावच पडलं होतं.

मंचावरच्या बेन मात्र हसल्या नाहीत. ग्राहक मंडळाकडून आलेल्या, पन्नाशीच्या, सुती साडीतल्या बाई. गुजराती होत्या, पण मराठी शाळा म्हणून तासभर मोडक्यातोडक्या मराठीत बोलल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“रिक्षा कोणाची?”

पैजेत हा प्रश्न नव्हता.

“आमची,” वृषाली म्हणाली. “माझे आबा चालवतात.”

“पोते चालवतात? स्वतः? ड्रायवर नाही ठेवला?”

“स्वतःच.”

“मग ऐक. पोट भरायला स्वतः चालवतो, म्हणजे तो ग्राहक. दुकानवाला सांगेल, धंद्याची गाडी आहे, तुमचा हक्क नाही. तुमी सांगायचं, आहे. गाडीत मुळातच खोट असेल तर नीट करून द्या, नाहीतर बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील पण नाही लागत.” बेननी मान हलवली. “पण दारात लोटून काही नाही होणार, बेटा. कागद पाहिजे. जितक्या वेळा बिघडली तितकी जॉब कार्ड, शोरूमची दुरुस्तीची चिठ्ठी. किती आहेत तुज्याकडे?”

वृषालीला माहीत नव्हतं. ती खाली बसली. आजवर तिच्या बोलण्यावर लोक हसले होते, टाळ्या वाजवल्या होत्या. उत्तर मात्र आज पहिल्यांदाच कुणी दिलं होतं.

बाहेर आल्यावर पाहतात तर लोचोवाल्याचं भगुनं रिकामं. “उद्या पक्का,” गायत्री म्हणाली आणि डोळे पुसत पुन्हा हसली. “काय चेहरा झाला होता तुझा. ‘आमची’ म्हणे.”

*

रिक्षा आली होती आखाजीला, अक्षय्य तृतीयेला. लोटूआबांनी, वृषालीच्या वडिलांनी, वीस वर्षं लूमवर, कापडाच्या मागावर, काढली होती, बारा-बारा तासांच्या पाळ्या. खटखटीने एक कान गेलेला. त्या कानाशी मोठ्याने बोललं तरी ते हसून मान डोलवत, म्हणजे काही कळलेलं नाही. लूम सोडून रिक्षा घ्यायची आणि आखाजीच्या मुहूर्तावर दारात आणायची, हे स्वप्न त्यांनी इतकी वर्षं कुणाला न सांगता पाहिलं होतं. रिक्षा घ्यायला शालिग्रामकाका बरोबर गेले होते. शालिग्राम म्हणजे गायत्रीचे वडील, आबांच्या गावचे, आणि त्याच शोरूममध्ये मिस्त्री. आपला माणूस आत बसलाय म्हटल्यावर आबांनी दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि आबांना गल्लीतल्या आठ पोरांची वर्दी मिळाली. सकाळी सगळ्यांना शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं. मागच्या सीटवर वृषाली कोपऱ्यात, शेजारी गायत्री, बाकीची लहानगी दाटीवाटीने मांडीवर, फळीवर, जिथे जागा सापडेल तिथे. दुसऱ्याच आठवड्यात रेल्वेखालच्या गरनाळ्यात इंजिन तापलं आणि जाम झालं. पोरं उतरली, दप्तरं पाठीला लावून धक्का मारला. गरनाळ्यात आवाज घुमतो म्हणून ओरडली. सहलच झाली. पुढे आठ दिवसांनी पुन्हा सहल. मग पुन्हा. सहलीसुद्धा किती कराव्यात माणसाने.

दर वेळी संध्याकाळी शालिग्रामकाका ड्युटीवरून येत ते पान्यांची पेटी घेऊनच. “शोरूमला नेशील तर चार दिवस उभी ठेवतील, लोटूभाऊ. वर्दी जाईल तुझी. हे घरचं काम आहे.” दारातच इंजिन उघडायचे, घासायचे, बसवायचे. माय त्यांना भाकरी आणि ठेचा द्यायची, आणि रिक्षा चालू झाली की तिला नवं लिंबू-मिरची बांधायची. त्या लिंबांचं सरबत केलं असतं तर अख्खी गल्ली प्याली असती.

दिवाळीपर्यंत एकेकाच्या आईने एकेक पोर काढून घेतलं. कुणी भाड्याच्या सायकलवर, कुणी दुसऱ्या रिक्षात. सगळ्यात शेवटी गायत्री. तिच्या आई शोभाकाकू स्वतः सांगायला आल्या, “वाईट वाटून घेऊ नका, भागीरथीबाई. दहावीचं वरीस आहे पोरीचं.” वृषालीचंही दहावीचंच वर्ष होतं, पण ते बोलायची ती जागा नव्हती. तेव्हापासून वर्गात मैत्री होती, गाडीत नव्हती.

आता सकाळी रिक्षात ती एकटी असायची. अख्खी सीट मोकळी, तरी ही आपली उजव्या कोपऱ्यात अंग चोरून, दप्तर मांडीवर. एकदा आबांनी आरशातून बघून विचारलं, “मधे बस ना, बेटा.” ती म्हणाली, “सवय आहे.” मग शाळा येईपर्यंत दोघं इंजिनाचा आवाज ऐकत राहिले, आजारी माणसाचा श्वास ऐकावा तसे.

*

ग्राहक दिनाच्या संध्याकाळी तिने पत्र्याच्या पेटीतून रिक्षाचं सर्व्हिस बुक काढलं. त्यात दोनच शिक्के होते. दोन्ही फुकटच्या सर्व्हिसिंगचे, मे आणि जुलै. पुढची सगळी पानं कोरी.

“आबा, काकांनी इतक्या वेळा काम केलं, एकदाही कार्ड नाही फाडलं?”

“घरनं काम शे ते,” आबा म्हणाले. “घरना कामना कागद रास का?”

तिने बेनचं बोलणं त्यांच्या चांगल्या कानाशी पहिल्यापासून सांगितलं. आबांनी सगळं ऐकलं. मायने भाकरी थापायचं थांबवून ऐकलं. मग आबा एवढंच म्हणाले, “प्लेगना टाइमले कोन उना व्हता?”

ते तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी प्लेगच्या बातमीने सगळी सुरत पळत सुटली, स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि माय तापाने फणफणलेली. तेव्हा शालिग्रामकाकांनी शोरूमचा टेम्पो काढला आणि रातोरात त्यांना नंदुरबारपर्यंत पोचवलं. तापलेलं माणूस गाडीत घ्यायला त्या दिवसांत सख्खा भाऊ तयार नव्हता.

“म्हणून आपण काकांविरुद्ध काही करतच नाही आहोत,” वृषाली म्हणाली. “शोरूमला नुसतं विचारायचं. गॅरंटी वर्षाची आहे, आखाजीपर्यंत.”

आबा तयार झाले ते तिच्या हट्टाखातर. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोघं उधन्याच्या शोरूमला गेले. काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर होता. त्याने आबांना बसा म्हटलं नाही. रजिस्टर उघडून पानावर बोट फिरवलं.

“तमारी गाडी तो बे ज वखत आवी छे. दोन बार. दोनो टाइम सर्व्हिस के लिये. अब छे महिने बाद बोलते हो खराब है? किधर दिखाया बीच में? बाहर खोला इंजिन किसी ने?”

काचेपलीकडे वर्कशॉपमध्ये शालिग्रामकाका एका रिक्षाच्या मागे वाकून उभे होते. हात पुसायचं फडकं हातात होतं, आणि पुसून झालेले हात ते पुन्हा पुन्हा पुसत होते. मान वर केली नाही.

वृषालीने तोंड उघडलं. त्याआधी आबा बोलले.

“नही साहेब. किसी ने नही खोला. दोनच वेळा आली गाडी.”

त्यांनी हे चांगला कान मॅनेजरकडे करून, अगदी स्पष्ट सांगितलं. म्हणजे ऐकण्यात घोटाळा झाला असं म्हणायलाही जागा नव्हती. परतीच्या वाटेवर रिक्षा एकदाही बंद पडली नाही. वृषालीला वाटत होतं, पडावी. निदान उतरून काहीतरी ढकलता आलं असतं.

*

मार्ग सुचला तो फाटकाशी. शाळेचा शिपाई मारुती उशिरा येणाऱ्यांना फाटकाशीच अडवायचा आणि उशिराच्या पत्रकात ज्याच्या-त्याच्या हाताने लिहायला लावायचा : तारीख, नाव, इयत्ता, कारण. सोमवारी एका आठवीतल्या मुलाला तो दामटून लिहायला लावत होता आणि वृषालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“मारुतीकाका, जूनपासूनची पानं बघू?”

“काबर? नाव खोडनं शे का?”

“उलट.”

पानं उलटता उलटता तिला हसू येत होतं. जून ते डिसेंबर, शाळेच्या वेळेत अकरा वेळा. प्रत्येक ठिकाणी तिच्या अक्षरात, ‘रिक्षा बंद पडली.’ आणि पहिल्या सात ठिकाणी तिच्या नावाखाली गायत्रीचं नाव, टपोऱ्या अक्षरात. कारणाच्या जागी गायत्रीने कधीच शब्द लिहिले नव्हते. वृषालीच्या शब्दांखाली दोन छोट्या रेघा, ‘वरीलप्रमाणे’. सात वेळा वरीलप्रमाणे. शेवटच्या चार ओळींत वृषाली एकटी.

दुपारी सिटी बस पकडून ती एकटीच ग्राहक मंडळाच्या कचेरीत गेली. बेनना तिची आठवण होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “चालेल. पत्रकाची नक्कल आण, हेडमास्तरचा सही-शिक्का. पण पान पूर्ण पाहिजे हं, अर्धं नाही. आणि बाकीच्या पोरांची नावं आली की त्यांना पण विचारतील, गाडी कोणी नीट केली.”

“आणि हे नाही दिलं तर?”

“तर पुढचं बघ. आखाजीला चार महिने आहेत ना? गाडी तर बंद पडणारच आहे,” बेन अगदी सहज म्हणाल्या. “पडली की सरळ शोरूम. कार्ड घ्यायचं. तीन-चार कार्ड झाली की मग अर्ज. वेळ जाईल, त्रास होईल, पण कागद सोन्यासारखा.”

गाडी बंद पडणारच आहे, या वाक्याने कुणाला धीर आला असेल तर तो त्या दिवशी वृषालीला.

पण चार महिने म्हणजे परीक्षाच उरकली असती. नक्कल सोपी होती, उद्याच मिळाली असती. तिने मंगळवारी मधल्या सुट्टीत गायत्रीला पिंपळाखाली गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. पत्रक, सात रेघा, नक्कल. तिला खरंच वाटलं होतं की गायत्री म्हणेल, वा, काय डोकं लढवलंस.

गायत्री वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“आणि कोणी विचारलं, गाडी घरी कोण खोलायचं?”

वृषालीने पायाशी पडलेलं पिंपळपान उचललं.

“पप्पा शोरूमचं सामान घरी आणून लावायचे, वृषा. ऑइल, रिंग, सगळं. तुमच्यासाठी आणायचे.” गायत्रीचा आवाज अजिबात चढला नाही. “मी तुला एका लोचोसाठी विचारायला सांगितलं होतं. माझ्या पप्पांची नोकरी खायला नाही.”

ती गेली. दुसऱ्या दिवशी बाकावर विशाखाही सरकून गायत्रीकडे गेली. न भांडता, न बोलता, जणू तिकडे वारा बरा येतो म्हणून. तीन जणींच्या बाकावर वृषाली एकटी उरली, आणि गंमत म्हणजे तिथेही ती कोपऱ्यातच बसली. नळावर शोभाकाकूंनी हंडा उचलताना मायकडे पाहिलं नाही. संध्याकाळी पेटी घेऊन कुणी आलं नाही. जानेवारीत रिक्षा दोनदा बंद पडली. आबांनी लूमवरच्या जुन्या मित्राला बोलावून कशीबशी चालू करून घेतली.

एके दिवशी शाळा सुटल्यावर ती लोचोच्या गाडीवर गेली. स्वतःचे पैसे दिले.

“आजे एकली?” गाडीवाल्याने विचारलं.

“हा,” ती म्हणाली. “पैज जिंकले.” बटर होतं, शेव दाबून होती. अर्धी प्लेट तिने तशीच ठेवली.

उतराणीला, म्हणजे संक्रांतीला, सगळी लिंबायत पत्र्यांवर चढली. पतंग उडवायला दोन माणसं लागतात, एक दोरी धरणारा, एक फिरकी. गेली चार वर्षं वृषालीची फिरकी गायत्रीने धरली होती. या वर्षी गायत्री समोरच्या गच्चीवर मामेभावंडांत होती. वृषालीने फिरकी पायाच्या बोटांत अडकवून पाहिली, जमेना. थोड्या वेळाने शिडी करकरली आणि आबा वर आले. त्यांनी फिरकी उचलली. त्यांना धरता येत नव्हती, दोर सैल सोडायचा तेव्हा घट्ट धरत आणि घट्ट धरायचा तेव्हा सोडत. तिचे पाच पतंग कटले. तिने सहावा बांधायला घेतला.

*

उतराण उलटून चार दिवस झाले होते. सकाळी, पुन्हा त्याच गरनाळ्यात, इंजिन जाम. आबा हँडल धरून, वृषाली मागून, दप्तर पाठीला. चिखलात तिची चप्पल रुतली. तेवढ्यात एक सायकल शेजारून पुढे गेली, दहा पावलांवर थांबली. शालिग्रामकाका एक पाय टेकवून उभे होते. कॅरिअरवर गायत्री.

वरून मालगाडी जात होती, तिचे डबे संपेपर्यंत काही बोललं तरी कुणाला ऐकू आलं नसतं.

मग काका सायकल स्टँडला लावून आले, रिक्षाच्या मागे वृषालीच्या शेजारी उभे राहिले आणि खांदा लावला. रिक्षा उजेडात आली.

“संध्याकाळी येतो, लोटूभाऊ,” ते म्हणाले. “पेटी घेऊन येतो. किती दिवस रुसायचं?”

आबांचा चेहरा असा उजळला की वृषालीला तिकडे पाहवेना. तिने गायत्रीकडे पाहिलं. गायत्री कॅरिअरवरून बघत होती. हसली नाही, पण तिने मानही वळवली नाही. शाळेत मधल्या सुट्टीत ती बाकाजवळ येऊन उभी राहिली, म्हणाली, “तुझ्याकडे भूगोलाची वही आहे का?” आणि वही घेऊन गेली. वही तिला नको होती, हे दोघींना माहीत होतं.

म्हणजे सगळं सोपं झालं होतं. संध्याकाळी पेटी उघडेल, इंजिन पुसलं जाईल, ठेचा वाढला जाईल. उद्या बाकावर तिघी. गल्लीत पुन्हा हाका. आणि आखाजीपर्यंत सर्व्हिस बुकची पानं कोरी. आखाजीनंतर कोरी असली काय नि भरली काय, सारखंच. मग आबा ती रिक्षा आयुष्यभर लोटतील, आणि कुणी विचारलं तर चांगला कान पुढे करून सांगतील, दोनच वेळा.

घरी माय लसूण सोलत होती. आबांनी रिक्षा दारात उभी करून पुसलीसुद्धा होती, पाहुण्याला दाखवायची असल्यासारखी.

“काय जयं व?” मायने विचारलं. “मुकी काबर बठनी?”

वृषाली उठली. आबांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. हॉलमध्ये शंभर पोरांसमोर फुटलेला आवाज दोन माणसांसमोर फुटेना, म्हणून ती आधी घोटभर पाणी प्यायली.

“आबा, माय, मी ठरवलंय. काका आले की त्यांना चहा द्यायचा, भाकरी द्यायची, प्लेगच्या वेळचं सगळं बोलायचं. पण पेटी उघडू द्यायची नाही. ते मीच त्यांना सांगणार. आता रिक्षा बंद पडली की त्यांना हाक मारायची नाही, जिथे पडली असेल तिथून शोरूमपर्यंत न्यायची. मी लोटेन. कार्ड हातात पडल्याशिवाय मी तिथून उठणार नाही, आणि तिथे तुम्ही बोलायचं नाही, मी बोलणार. तीन कार्डं झाली की अर्ज मी लिहिणार, सही तुमची. शाळेच्या पत्रकाची नक्कल मात्र मी आणणार नाही, त्यात गायत्रीचं अक्षर आहे. ती उद्यापासून माझ्याशी बोलेल का नाही, मला माहीत नाही. मला शाळेला उशीर होईल, तेव्हा पत्रकात कारण मी एकटीच लिहीन.”